पाहुण्याने उठायचं कधी

समोरच्या घरात ते नवरा-बायको राहायला आले आणि आमच्या चर्चच्या मंडळीला मैत्रीचा ताप चढला.

त्यांच्या देशात लढाई पेटली, घरदार गेलं, काही वर्षं छावणीच्या तंबूत काढली आणि शेवटी सरकारने त्यांना आमच्या इमारतीत, अगदी माझ्या दारासमोर, दोन खोल्या दिल्या. धर्माने मुसलमान. आमच्या चर्चमध्ये अशा लोकांसाठी प्रार्थना पूर्वीपासून व्हायच्या, पण ते लोक नेहमी लांब असायचे, नकाशावर. आता एक अख्खं जोडपं पायी जाण्याच्या अंतरावर मिळालं म्हटल्यावर भल्याभल्यांच्या तोंडाला पाणी सुटलं.

आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षबाई नाकाने कांदे सोलण्यात पटाईत. त्यांनी लगोलग मैत्री समिती काढली. समितीत अख्खी मंडळी होती, मी सोडून. "तुम्ही काय, समोरच राहता, तुमची मैत्री आपोआप होईल," असं मला सांगण्यात आलं. खरं कारण वेगळं होतं. आदल्या महिन्यात बाईंची प्रार्थना काही केल्या संपेना, तेव्हा त्यांनी श्वास घेतलेला बघून मी मोठ्याने 'आमेन' म्हटलं होतं. सगळे सवयीने उठले आणि चपला शोधायला लागले. बाईंनी ते अजून मनात धरलंय.

समितीसाठी शिबिर झालं. शिबिराला मी गेले होते, कारण तिथे केक होता. तज्ज्ञ म्हणून जो बोलावला तो कुठल्याशा वाळवंटात वर्षभर राहून आलेला. "हे लोक पाहुणचाराला जीव देतात," तो म्हणाला. "चहाला नाही म्हणू नका, अपमान होतो. कपात चहा उरवू नका, अपमान होतो. आणि आपण होऊन उठू तर नकाच. घाईतला माणूस त्यांना परका वाटतो. ते उठा म्हणेपर्यंत बसा." माना डोलल्या. निवृत्त बँक अधिकाऱ्याने पुन्हा विचारून खात्री करून घेतली की बसायचंच ना. बसायचं, तज्ज्ञ म्हणाला.

आता पलीकडची बाजू. त्यांच्या घरात पाहुण्याला उठा म्हणणं म्हणजे त्याच्या थोबाडीत मारणं. कप रिकामा दिसला की पाहुण्याला अजून हवाय असं समजायचं. आणि पाहुणा बसलाय तोवर घरातल्या पुरुषाने समोरून हलायचं नाही.

झालं. यांनी कप रिकामा करायचा, त्यांनी भरायचा. यांनी पुन्हा रिकामा करायचा, त्यांनी पुन्हा भरायचा. उठायला कुणी तयार नाही आणि उठवायलाही कुणी तयार नाही. त्या घरात उठबस करत होती ती एकटी चहाची किटली.

एवढ्यावर भागलं असतं तर मी दार लोटून मजा बघितली असती. पण तो समोरचा रात्रपाळी करत होता. मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात त्याला काम मिळालं होतं. ओल्या चादरी दोन गरम रुळांच्या मधून सोडायच्या आणि पलीकडून कोरड्या निघाल्या की घड्या घालायच्या. रात्रभर उभ्याने हे करून तो उजाडल्यावर घरी यायचा, चार घास खायचा आणि आडवा व्हायचा. समितीने भेटीची वेळ ठरवली होती सकाळी दहाची. निवृत्त माणसांना ती सोयीची पडते. सोमवारी बँक अधिकारी, मंगळवारी दोन शिक्षिका, बुधवारी गायनमंडळाचा पेटीवाला, असा आठवडा भरलेला. तिसऱ्या दिवशी पाहुण्याची अक्कल जाते म्हणतात. इथे रोज पाहुणा नवा, त्यामुळे अक्कल जायचा प्रश्नच आला नाही.

बँक अधिकारी तर त्याला शुभवर्तमानातला दाखला वाचून दाखवायचा. उधळ्या मुलाची गोष्ट तो इतकी सावकाश वाचायचा की मुलगा घरी पोचेपर्यंत ऐकणाऱ्याची मान खाली गेलेली असायची. रविवारी चर्चमध्ये उभं राहून तो सांगे, "सोमवारी त्याने तीनदा मान डोलावली. शेवटी तर डोळे मिटून ऐकत होता. वचन आत उतरतंय." मंडळी हालेलूया म्हणायची.

एके दिवशी दुपारी ती, म्हणजे समोरची, माझ्या दारात आली. तिची किटली जळाली होती. माझी नेली, दुसऱ्या दिवशी घासूनपुसून परत आणली, आणि मी बस म्हटलं तर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून रडायला लागली. आमची भाषा ती छावणीत शिकली होती आणि चांगली बोलायची.

"हात भाजला त्यांचा," ती म्हणाली. "उभ्या उभ्या डोळा लागला, हात रुळाला टेकला. थोडक्यात वाचला. मुकादम म्हणाला, पुन्हा पेंगताना दिसलास तर घरी जा."

"आणि काम गेलं तर?"

"कामावर आहेत म्हणून या खोल्या आहेत, मावशी. काम गेलं की परत छावणी."

"अगं, मग सांगायचं ना त्या लोकांना, झोपायचंय म्हणून."

"पाहुण्यांना?" तिने माझ्याकडे असं बघितलं की मलाच माझी लाज वाटली.

"बरं, मग घरी नाहीत म्हणून सांग."

"घरात असतात ना ते. खोटं कसं बोलू?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मला इतका संताप आला की त्या रविवारी उपासना संपल्या संपल्या मी अध्यक्षबाईंना पायरीवरच गाठलं. म्हटलं, "तो माणूस रात्रभर राबतो. तुमचे दहा म्हणजे त्याची मध्यरात्र. जाऊ नका. नोकरी जाईल त्याची."

"असं कसं?" त्या म्हणाल्या. "किती आग्रह करतात हो ते! कप खाली ठेवला की भरलाच. एकदासुद्धा उठा म्हणाले नाहीत. एवढी ओढ आहे त्यांना आमची."

"तुम्ही रिकामा करता म्हणून ते भरतात."

"ते भरतात म्हणून आम्ही रिकामा करतो," बाई म्हणाल्या आणि शिबिर न कळलेल्या माणसाकडे बघून हसावं तशा हसल्या. "ताई, तुम्हाला त्यांची संस्कृती नाही समजायची. आणि हेवा बरा नव्हे." पालथ्या घड्यावर पाणी. मी घरी आले आणि मागच्या खोलीचं दार उघडलं.

मागच्या खोलीत आमच्या ह्यांचा पलंग आहे. हे गेल्यापासून त्यावर मी धुतलेले कपडे टाकते. ते उचलले, खिडकीला जाड पडदा लावला आणि समोर जाऊन म्हटलं, "उद्यापासून कामावरून आलास की माझ्याकडे झोपायचं. मग बायकोने खुशाल सांगावं, घरी नाहीत. खरंच सांगेल ती."

त्याने आढेवेढे घेतले. मी म्हटलं, "तुझ्या आईएवढी आहे मी. ऐक." दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःची उशी, स्वतःची चादर घेऊन, बूट हातात धरून, चोरासारखा आला. पलंगावर पडायच्या आधी त्याने तीनदा विचारलं की मला त्रास तर नाही ना. चौथ्यांदा विचारता विचारता झोपला.

दहाला बँक अधिकारी आला. समोरून तिचा आवाज ऐकू आला, "ते घरी नाहीत." बाई एकटी असेल तर पुरुषांनी आत बसायचं नाही, हे सुदैवाने शिबिरात शिकवलेलं होतं. अधिकारी जिना उतरून गेला. मंगळवारच्या शिक्षिका बसल्या, पण त्या बसल्याने कुणाची झोप मोडत नव्हती.

आणि तो घोरायचा. काय सांगू, दरवाजाची कडी हलायची. ह्यांचं घोरणं ऐकून आयुष्यभर मी कपाळावर हात मारून घेतला, पण त्या दिवसांत मी भाजी निवडत ते घोरणं ऐकत बसायचे आणि मला फार बरं वाटायचं. घरात पुन्हा कुणीतरी निवांत झोपलंय, एवढंच. त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. हाताची जखम भरली. मुकादमाने नव्या माणसाला काम शिकवायला त्याच्याच हाताखाली दिलं.

मैत्री समिती मात्र अस्वस्थ झाली. जाळ्यात आलेला मासा दिसेना. मग बँक अधिकारी एके दिवशी मुद्दाम लवकर आला आणि जिन्याच्या वळणावरून त्याने बघितलं, की तो परका पुरुष सकाळी सकाळी उशी घेऊन विधवा बाईच्या घरात शिरतोय. बँकेत उभ्या हयातीत त्याने इतक्या तत्परतेने कुणाचं काम केलं नसेल. दुपारपर्यंत अख्ख्या मंडळीला खबर होती. माझं वय सत्तरीपलीकडे, गुडघे मोडके. तरी लोकांनी माझ्यावर एवढा विश्वास दाखवला, याने मन सुखावलं नाही असं नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता अध्यक्षबाई आणि आमच्या चर्चचे पाळकसाहेब माझ्या दारात. पाळकसाहेब तसे भले गृहस्थ. देवाला भितात आणि बाईंना जास्त भितात. मी बसवलं, चहा दिला. दोघांनी कप रिकामे केले. मी भरले नाहीत. तरी दोघं बसलेलेच.

"एकटेपणा माणसाला मोहात टाकतो," पाळकसाहेब छताकडे बघत म्हणाले.

"मला तर गुडघेच टाकतात," मी म्हटलं.

तेवढ्यात आतून कडी वाजली. बाईंनी कान टवकारले. "आत कोण आहे?"

"माझा शेजारी. झोपलाय."

"दिवसाढवळ्या?"

"रात्रभर दवाखान्याच्या चादरी वाळवतो, म्हणून दिवसाढवळ्या. पाळकसाहेब, मागे तुमचं पोटाचं ऑपरेशन झालं, रोज पांढरीशुभ्र चादर मिळत होती ना तुम्हाला? कोण देत होतं असं वाटलं? देवदूत?"

पाळकसाहेबांनी पोटावर हात ठेवला. बाईंचा चेहरा मात्र लाल झाला. "म्हणजे तुम्ही त्याला आमच्यापासून लपवलंत! येत्या रविवारी त्याला सगळ्यांसमोर उभा करून दोन शब्द बोलायला लावणार होतो आम्ही. इतकी मेहनत घेतलीय त्याच्यावर!"

"त्याच्यावर मेहनत तो स्वतः घेतो, बाई. तुम्ही चहा घेत होतात."

"मी आत्ताच विचारते त्याला. फक्त हाक मारते." असं म्हणत त्या खरोखरच उठल्या आणि मागच्या खोलीकडे निघाल्या. माझे गुडघे मला चर्चच्या पायऱ्या चढू देत नाहीत, पण त्या क्षणी कसे चालले देव जाणे. मी त्या दाराला पाठ लावून उभी राहिले.

"उठलाच आहात," मी म्हटलं, "तर तिकडच्या दाराकडे चला."

"म्हणजे तुम्ही आम्हाला जा म्हणताय?"

"हो. ते बिचारे म्हणू शकत नाहीत. मी तुमच्यातलीच, मला जमतं."

बाईंनी तोंड उघडलं. त्या श्वास घेताहेत हे बघून मी मोठ्याने म्हटलं, "आमेन." पाळकसाहेब सवयीने उभे राहिले आणि चपला शोधायला लागले.

पुढच्या रविवारी 'देवाच्या कामात अडथळा आणणाऱ्या भगिनीसाठी' प्रार्थना झाली. नाव घेतलं नाही, पण माना माझ्याकडे वळल्या. मैत्री समितीने समोरच्यांची मनं कठीण असल्याचं ठरवलं आणि मोर्चा वृद्धाश्रमाकडे वळवला. तिथल्या माणसांना पळता येत नाही. त्यामुळे काम जोरात चाललंय म्हणतात.

समोरचा आता आपल्याच घरी झोपतो. पलंगावर पुन्हा माझे कपडे पडतात. संध्याकाळी मात्र मी त्यांच्याकडे जाते. तो कामावर निघायच्या आधी तिघं चहा घेतो. मला बोलायला फार लागतं, आणि आता ऐकायलाही कुणीतरी आहे.

परवा असंच. मी वृद्धाश्रमातल्या समितीची गंमत सांगत होते. बँक अधिकाऱ्याने एका ठार बहिऱ्या आजोबांना अख्खा दाखला वाचून दाखवला आणि त्यांची मान हलते म्हणून रविवारी सांगितलं. मला रंग चढला होता. माझा कप कधीच रिकामा झाला होता आणि तो भरला गेला नव्हता, हे माझ्या लक्षातच आलं नाही. समोर तो बसला होता, अगदी ताठ, डोळे ताणून.

तिने पुढे होऊन माझ्या हातातला कप काढून घेतला.

"मावशी, पुरे आता," ती म्हणाली. "उठा. यांना निघायच्या आधी तासभर पडायचंय."

मला राग आला. खोटं कशाला बोलू? मी, जिने एवढं केलं, तिलाच उठा? पाळकसाहेबांना हाकललं मी यांच्यासाठी! फुरंगटून चपला घातल्या आणि बाहेर आले. माझ्यामागे दार लागलं.

दोन दारांच्या मधे उभी राहिले आणि मग कळलं. त्या घरात अख्खी मंडळी येऊन गेली, हंडेच्या हंडे चहा पिऊन गेली. उठा असं आजवर फक्त मला म्हटलं गेलं होतं.

मी माझ्या घरात गेले आणि दार आवाज न करता लावलं.