दहा सेकंद हात लावू नका

अध्यक्षसाहेब, वाचनालयाच्या सभागृहाची किल्ली तुम्ही दिलीत. वायरबाबाच्या गळ्यात पहिला हार तुम्ही घातलात. एका आईची मुलगी दुसऱ्यांदा गेली, त्यातही तुमचा वाटा आहे. मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस, शाळा अर्धवट सुटलेला. मला गोडगोड लिहिता येत नाही.

सलग पाच रविवार ते सभागृह खच्चून भरलं. खुर्च्या संपल्या, माणसं पुस्तकांच्या कपाटांना टेकून उभी राहिली. समोर टेबलावर एक जुना कॉम्प्युटर. तो गेल्या वर्षी वारलेल्या एका मुलीचा. तिची आई तुमच्याच वाचनालयात फाटकी पुस्तकं बांधते. नखांत कायम वाळलेली खळ. सगळे तिला मावशी म्हणतात.

बाबा बटण दाबायचा आणि मागे सरकायचा. "डोळे मिटा! कुणी कशाला हात लावायचा नाही! आत्मा सूक्ष्म, चुंबक सूक्ष्म! सूक्ष्माला सूक्ष्म ओढतं!" याला म्हणे विज्ञान. आमच्या गल्लीतला कुत्रासुद्धा यापेक्षा मुद्द्याचं भुंकतो.

पण थोड्या वेळाने स्पीकरमधून खरोखर त्या मुलीचा आवाज यायचा, थोडी धाप लागलेला. "आई, गोळी घेतलीस का? पाणी पिऊन घे, नुसती गिळू नकोस. ठसका लागतो तुला, वेडाबाई."

"घेतली गं, घेतली," मावशी हुंदके देत म्हणायची. बाया डोळे पुसायच्या. तेवढ्यात बाबा भिंतीतली वायर खसकन उपटायचा. "मुक्त केलं तिला!"

घरी मावशीने एकटीने कॉम्प्युटर लावला तर आवाज येत नसे. बाबा म्हणायचा, "माझ्याशिवाय ती यायची नाही."

सहाव्या रविवारी बाबा असूनही आवाज आला नाही. भरल्या सभेत त्याने मावशीकडे बोट केलं. "हिच्या मनात संशय शिरला! मुलगी रुसून गेली!"

दोन दिवसांनी मावशी चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर घेऊन माझ्या दुकानात आली.

"दादा, मी एकदाच विचारलं होतं बाबांना, दर वेळी तेच का बोलते ती. तेवढ्यानं गेली का रे?"

मी तो सुरू केला नाही. आधी हार्ड डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढली. जखमी डिस्कवर नवं अक्षर लिहायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मग नक्कल तपासत बसलो.

"मावशी, या एका डिस्कवर दोन घरं आहेत, म्हणजे दोन वेगळे भाग. मशीन लावलं की यादी येते, वरचं उघडू की खालचं? दहा सेकंद कुणी काही दाबलं नाही तर वरचं आपोआप उघडतं. तुम्ही काय दाबता?"

"खालचा बाण आणि एंटर. तिचे फोटो खालच्यात आहेत. शेजारच्या कारकुनानं शिकवलंय."

"आणि बाबा?"

ती हळूच म्हणाली, "हात लावू नका म्हणतात."

वरच्या घरात मुलीने स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता, घर उघडताच वाजेल असा. मी तारीख दाखवली. ती जाण्याच्या नऊ दिवस आधीची.

"मला कधी बोलली नाही."

"सांगायचं राहून गेलं असेल, मावशी."

चालू मशीनची वायर दर रविवारी उपटल्यामुळे कुठलं घर कुठे सुरू होतं, ती नोंदच बिघडली होती, म्हणून सहाव्या रविवारी वरचं घर उघडलं नाही. मी सांगायला गेलो, तर तिनेच मला थांबवलं.

"म्हणजे अनुक्रमणिका फाटली. पानं शाबूत असतील की!"

"होती. पण मधे हे कुणी नेलं होतं का?"

"त्या सहाव्या रविवारीच संध्याकाळी बाबांच्या चेल्यानं नेलं, शुद्ध करायला."

शुद्ध! वरचं घर ओळखू येईना, तेव्हा मशीनने विचारलं होतं, हा भाग फॉरमॅट करू का, म्हणजे पुसून कोरा करू का? चेल्याने 'हो' दाबलं आणि त्यावर बाबाची बावीस प्रवचनं भरली.

"बांधायला आलेल्या पुस्तकावर कुणी दुसरं छापतं का रे?" ती म्हणाली. राग नव्हता आवाजात. असता तर मला बरं वाटलं असतं.

तीन दिवस उकरून हाती लागलं ते एवढंच: "आई, गोळी घेतलीस का? पाणी पि..." आणि त्याला चिकटून बाबाचं घसा खाकरणं. 'वेडाबाई' कायमचं गेलं.

मावशीने चार वेळा ऐकलं.

"मग ती माझ्याशी बोलत नव्हती?"

"बोलत होती. जिवंतपणी. गेलेलं माणूस बोलत नाही, मावशी. आणि तुमच्या संशयानं काही गेलं नाही. त्या संशयाचं कुणी ऐकलं असतं तर आवाज वाचला असता."

तिने पिशवीतून गोळीची पट्टी काढली. सहाव्या रविवारपासून एकही गोळी फोडलेली नव्हती. तिने माझ्याकडे पाणी मागितलं.

साहेब, हे सगळं मी तुम्हाला येऊन सांगितलं. तुम्ही म्हणालात, "लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. तू तुझा पेचकस सांभाळ." सांभाळतोच आहे. लोकांनाही सांगतो: डोळे मिटा म्हणणाऱ्यासमोर डोळे टक्क उघडे ठेवा, आणि तो हात लावू नका म्हणाला तर का म्हणून विचारा. बाबा आता दुसऱ्या गावी दुसऱ्या आईसमोर बसला असेल.

मावशी अजून दुपारी बांधणीचं काम थांबवून मला विचारायला येते, "नक्की माझ्यामुळे नाही ना रे?" मी एकट्याने 'नाही' म्हटलेलं तिला पुरत नाही, कारण तो आरोप भरल्या सभेत झाला होता.

येत्या रविवारी तेच सभागृह उघडा. त्याच माणसांसमोर उभे राहा आणि तिला सांगा, "तुमची मुलगी तुमच्यामुळे गेली नाही." सांगणार आहात का? हो की नाही, एवढंच उत्तर द्या.