दाताखालची माती

रुपीचा वरचा पुढचा दात पडला, तो काही भाकर चावताना नाही की ठेच लागून नाही. ती सूप विणत बसली होती. बांबूची पट्टी नेहमीसारखी दातात धरली, दोन्ही हातांनी ओढली, आणि पट्टीबरोबर दातच बाहेर आला. दुखलं नाही, रक्तही जेमतेम. मांडीवरच्या अर्धवट सुपात पडलेला आपला दात ती नुसती बघत राहिली.

सूर्यमाळच्या त्या पाड्यावर सूप-टोपली विणावी तर रुपीनं, हे मोखाड्याच्या बाजारात कुणीही सांगेल. लोक म्हणायचे, हिचा तिसरा हात तोंडात आहे. पट्टी दातांत अशी पक्की धरायची की दोन्ही हात विणायला मोकळे. आता एक दात गेला होता आणि शेजारचा डुगडुगत होता. तो गेला की आपलं विणणंही गेलं, असं तिनं मनाशी धरलं आणि जेवण अर्ध्यावर आलं.

घरात मात्र कुणाला काही वाटलं नाही. रुपीच्या आईचे दात याच वयात गेले होते, आजीचे त्याआधीच. आपल्या घराण्यात दात लवकर जातात, हे घरात इतक्या वेळा बोललं गेलं होतं की त्यात दुःखसुद्धा उरलं नव्हतं. नवरा ढवळू म्हणाला, हलतोय तोही काढून टाक, सुटशील. मोठा आला सल्ला देणारा! स्वतःच्या पायात काटा मोडला की तीन घरं गोळा करायचा.

पण रुपीनं त्या पडलेल्या दाताचं काय केलं, ते ऐका. हसायचं तर आत्ताच हसून घ्या. तिनं एका वाटीत ओली माती घेतली, दात मुळाकडून तिच्यात खोचला आणि त्यावर रोज पाणी शिंपडायला लागली. भाताचं रोप उपटलं तरी चिखलात एखाददोन दिवस जगतं, मग लावलं की धरतं. नाचणीचंही तसंच. जन्मभर लावणी केलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? डॉक्टर परत लावून देतील, एवढीच तिची आशा. तिची लेक चैती जव्हारच्या कॉलेजात शिकलेली. वाटी बघून ती हसून हसून खाली बसली. पण दुसऱ्या दिवशी आईला जीपमध्ये बसवून मोखाड्याला आणि तिथून एसटीनं जव्हारला नेलं, तेही तिनंच.

सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टर होत्या प्रमिला भोये, तिशीतल्या, कमी बोलणाऱ्या. रुपीनं पदराची गाठ सोडली, मातीसकट दात तळहातावर ठेवला आणि म्हणाली, हा परत लावून द्या. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी दात नळाखाली धुतला आणि खिडकीशी उजेडात धरला.

"मावशी, हा कुठे किडलाय ते मला दाखवा."

रुपीनं उलटासुलटा करून बघितला. कुठेच किडला नव्हता, कुठे भोक नव्हतं. तिला पहिलं नवल वाटलं ते मुळाचं. तोंडात दिसतो त्याहून लांब तर मूळच होतं! आणि त्या मुळावर खालपर्यंत काळपट, खरखरीत थर चढलेला. फक्त टोकाशी इवलीशी जागा स्वच्छ होती. बाई म्हणाल्या, एवढाच काय तो जमिनीत होता. बाकीचा कधीचाच मोकळा झालेला, वरून नुसतं हिरडीचं पांघरूण.

शाबूत दात, आणि पडला. म्हणजे दाताचं काही चुकलंच नव्हतं.

मग बाईंनी उरलेल्या दातांचा एक्स-रे काढला आणि पडद्यावर दाखवला. आपल्या तोंडाच्या आत एवढं काही असेल हे रुपीला ठाऊकच नव्हतं. पांढरी मुळं ओळीनं उभी, आणि त्यांच्या भोवतीचं हाड खाली खाली गेलेलं. उतारावरच्या सागाची माती पावसात वाहून जाते आणि मुळं उघडी पडतात, अगदी तसंच. ती पडद्याला हात लावायला गेली, मग चटकन मागे घेतला.

बाईंनी सावकाश समजावलं. दातांवर रोज जे साचतं ते निघालं नाही तर त्याचं किटण होतं, दगडासारखं. ते हिरडीखाली उतरतं. हिरडी सुजते, दाताला सोडते, आणि त्या सुजेपायी आतलं हाड झिजत जातं. वर्षानुवर्षं चालतं आणि दुखत नाही. रुपी दोन वेळा मिश्री लावायची. त्या तंबाखूनं तर हिरडीतून रक्त यायचं तेही दबून राहिलेलं, म्हणजे एकुलती एक खूणही गेली. मग बाईंनी खुणा केलेली बारीक सळई शेजारच्या हलणाऱ्या दाताच्या कडेनं हळूच आत सोडली. सळई जातच राहिली. एवढी आत गेली, तरी विशेष दुखलं नाही, आणि रुपी घाबरली ती त्या न दुखण्यालाच.

पडलेला दात लागणार नाही, बाईंनी सरळ सांगितलं. शेजारचा वाचवायला बघू, पण वचन देत नाही. वाहून गेलेली माती बहुतेक परत येत नाही, उरलेली राखायची. मिश्री बंद, ब्रश दोन वेळा, आणि पट्टी दातात धरायची नाही. त्यांनी भूल देऊन त्या दाताच्या हिरडीखालचं सगळं किटण खरवडून काढलं. पुढच्या खेपांना बाकीचं तोंड साफ केलं आणि सांगितलं, आता दोन महिन्यांनी या, तेव्हा कळेल.

आता खरी परीक्षा सुरू झाली. सूज उतरली तशी हिरडी वर सरकली, दात लांब दिसायला लागले, मधे फटी पडल्या, हंड्यातलं पाणी लागलं की कळ मस्तकात जायची. शेजारची मालू, पाड्यावरच्या प्रत्येक दुखण्यावर जिचं मत तयार असतं, रुपीचं तोंड उघडून बघून म्हणाली, "येडी झालीस काय? तो दगडच दाताला धरून होता. बाईनं तोच काढला. आता एकबी राहत नाय बघ."

रुपीलाही आतून तेच वाटत होतं. भिंतीतला दगड काढला तर भिंत पडणारच की! ती दिवसभर जिभेनं दात चाचपत बसायची. कधी वाटायचं हलतोय, कधी वाटायचं नाही. सूप अर्धवट तसंच कोपऱ्यात पडलं. मिश्रीचा डबा तिनं चिडून मालूलाच देऊन टाकला, आणि डॉक्टरबाईंना मनात शिव्या घालत घालत ब्रश मात्र दोन्ही वेळा केला. सकाळी मायलेकी पडवीत शेजारी शेजारी चूळ भरायच्या. चैतीची चूळ लालसर निघायची. ती म्हणायची, ब्रश कडक असेल. रुपीनं तिकडे लक्ष दिलं नाही, तिला आपल्या दाताचं पडलं होतं.

दोन महिन्यांनी चैतीला घेऊन ती जव्हारला गेली ती भांडायच्या तयारीनं. खुर्चीवर बसली, मालूचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं आणि आ वासला. बाईंनी आरसा तिच्या हातात दिला, सळई उचलली आणि त्याच दाताच्या कडेनं हळूच आत सोडली.

सळई थोडीशी गेली आणि थांबली.

रुपीला ते आतून कळलं. मागं जिथं काहीच अडत नव्हतं, तिथं आता काहीतरी होतं. बाईंनी दुसऱ्या बाजूनं सोडली, तिथंही थांबली. रक्त नाही. दात बोटांत धरून हलवून बघितला, तर पहिल्यापेक्षा कितीतरी पक्का. बाई म्हणाल्या, किटण दाताला धरत नव्हतं, ते हिरडीला धरू देत नव्हतं.

रुपी आरशात बघत राहिली. ती जेवत होती, झोपत होती, शिव्या घालत होती, आणि आत हे चाललं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाई, त्या मांसाला कुणी सांगितलं, दाताला धर म्हणून?"

"कुणी नाही सांगत, मावशी. घाण निघाली की ते आपलं आपण धरतं."

रुपीनं विचारलं, "म्हणजे माझ्या आईचे पण धरले असते?"

बाईंनी सांगितलं, बरेचसे धरले असते.

आई शेवटची कित्येक वर्षं नाचणीची आंबील पिऊन होती. भाकरीचा वास आला की तोंड फिरवून बसायची. घराण्यातच आहे म्हणून सगळ्यांनी बघून सोडून दिलं, रुपीनंही. तिनं आरसा मांडीवर ठेवला. मग दाराशी उभ्या चैतीकडे तिची नजर गेली, आणि पडवीतली ती लालसर चूळ तिला एकदम आठवली.

ती खुर्चीवरून उतरली, चैतीला दंडाला धरून आणलं आणि त्याच खुर्चीवर बसवलं. चैती म्हणत होती, अगं मला काही झालं नाही, दुखत पण नाही.

"मला तरी कुठे दुखत होतं?" रुपी म्हणाली, आणि बाईंकडे वळली. "हिचं बघा. हिची माती अजून हाय."