आधी काकांचा नंबर

सकाळीच चौघांनी एका माणसाला कॉलर धरून सलूनमध्ये ओढत आणलं. त्याने त्यांच्यातल्या एकाची सायकल चोरली, असं त्यांचं म्हणणं होतं.

"याचं अर्धं डोकं भादर. धिंड काढायचीय!"

खुर्चीत निवृत्त ग्रंथपाल बसले होते. हे थांबवायला हवं, असं त्यांना फार वाटलं, पण त्यांनी अंगावरचं कापड गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

न्हाव्याची कात्री थांबली नाही. "भादरतो की! पण आधी काकांचा नंबर. बसा बाकावर. त्यालाही बसू द्या."

"अरे, चोर आहे तो!"

"असेल. माझ्याकडे नंबर सगळ्यांनाच लावावा लागतो."

चौघे चडफडत बसले. न्हावी एकेक केस सोन्याचा असल्यासारखा कापू लागला, तेव्हा ग्रंथपालांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"दाढीही कर," ते पुटपुटले. मग मालिश सांगितली. मग, जन्मात पहिल्यांदा, कलप.

एकाला कामाला उशीर झाला, दोघांना घरून फोन आले. शेवटी बाकावर तो माणूस आणि सायकलवाला एवढेच उरले.

"चल, चौकीत जाऊ," सायकलवाला जांभई देत म्हणाला. "काय ते तिथे सांग."

काळ्याकुळकुळीत केसांचे ग्रंथपाल आरशातून न्हाव्याकडे बघतच राहिले.