पट्ट्याखालचा पांढरा

कारखान्यात सगळे त्याला नापासकाका म्हणायचे आणि त्याला ते आवडायचंही. तपासणीच्या टेबलावर बसायचं आणि बाहुल्यांमधले दोष काढायचे, हे त्याचं काम. हे बाहुले पोरांनी आपटायचे नव्हेत बरं का. टीव्हीवरच्या मालिकांमधली माणसं, वीतभर उंचीची, सांध्यासांध्यात वळणारी. चांगली टक्कल पडलेली माणसं ती विकत घेतात, काचेच्या कपाटात उभी करतात आणि बायकोला हात लावू देत नाहीत. कंपनी त्यांना ‘फिगर’ म्हणायची. कामगार बाहुलेच म्हणायचे.

सगळ्यात जास्त खपायचा कप्तान. बचाव-बोटीवरच्या एका जुन्या मालिकेचा नायक. पांढरा कोट, कमरेला रबरी पट्टा, आणि चेहरा असा की नुकतीच कोणीतरी वाईट बातमी कानात सांगून गेलंय. मालिका बंद पडून जमाना झाला, पण कप्तानाला मागणी होतीच.

नापासकाका एकेक कप्तान उचलायचा. आधी गुडघा वाकवायचा, सैल सांधा त्याच्या बोटांनाच कळायचा. मग डोळे बघायचा. बुबुळाचा ठिपका केसभर सरकला की कप्तान तिरळा. “हा बघा, समुद्र सोडून शेजारणीकडे बघतोय,” असं म्हणत तो त्याला लाल टोपलीत टाकायचा. शेवटी रंग. रंगाच्या बाबतीत मात्र तो स्वतःचं डोकं चालवत नसे. टेबलाच्या वर, खिडकीजवळच्या फळीवर नमुना उभा होता. नमुना म्हणजे मालिकावाल्यांनी बघून, पसंत करून, तळव्याखाली सही करून दिलेला पहिला कप्तान. त्याच्याशी जुळला तर पास, नाही तर लाल टोपली. खरं तर नमुना काळ्या पेटीत ठेवायचा, जुळवायच्या वेळी काढायचा आणि परत ठेवायचा, असं साहेबांनी सुरुवातीला बजावलं होतं. पण दर बाहुल्यामागे पेटीचं झाकण कोण उघडत बसणार? पेटीत आता नापासकाकाचा जेवणाचा डबा असायचा.

रंगाच्या खात्यात त्याने स्वतः शब्द टाकून आपल्या मेहुणीला चिकटवली होती. बायकोची बहीण, घरात सगळे तिला धाकटी म्हणायचे. नवरा सोडून गेलेला, म्हातारी आई गळ्यात. पण हात असा की ब्रशला धाकच असावा तिचा. तिने काढलेला डोळा कधी तिरळा निघाला नाही. भानगड झाली ती कोटावरून.

“भाऊजी, या डब्यातला रंग चुकलाय,” ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली. “कप्तानाचा कोट पांढराफेक होता हो. हा तर चहात बुडवून काढलाय.”

“तू कुठे बघितलास?”

“टीव्हीवर. शाळेतून आले की दप्तर फेकून तेच बघायचे मी.”

“टीव्हीचा काय भरवसा? नमुना बघ.”

“नमुन्यालाच कावीळ झालीय.”

आजूबाजूच्या बाया खो खो हसल्या. नापासकाकाही हसला आणि हसत हसतच तिचा ट्रे लाल टोपलीत रिकामा केला.

धाकटी हट्टी. डब्यात गुपचूप पांढरा मिसळायची, कोट रंगवायची. तो नमुना धरायचा, जुळायचा नाही. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. शेवटी साहेबांनी त्याला बोलावलं. “तुमच्याच घरातली आहे, म्हणून विचारतो. काय करायचं?”

“काम म्हणजे काम, साहेब,” नापासकाका म्हणाला. “माझी आई असती तरी नापास केली असती.”

हे वाक्य त्याला फार आवडलं होतं. जेवायच्या सुट्टीत दोघातिघांना ऐकवलंसुद्धा.

धाकटी गेली. एका लॉन्ड्रीत हॉटेलच्या चादरींना इस्त्री करायला लागली. बहिणीच्या घरी पाय ठेवायची बंद झाली. नापासकाकाच्या बायकोने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. ती भांडलीच नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची आणि भिंतीशी बोलावं तसं बोलायची. एकदाच म्हणाली, “ती होती तिथे तिला परत बसवा. तोपर्यंत माझ्याशी गोड बोलायला येऊ नका.”

“अगं, पण चूक तिची—”

“ते तुमच्या टेबलावर.”

मग एका दुपारी नमुन्याचा पट्टा तुटला.

रबर जुनं झालं होतं, नापासकाकाने नमुना उचलला आणि पट्टा दोन तुकडे होऊन हातात आला. त्याने चुकचुकत नमुना उलटा-सुलटा केला. कमरेभोवती एक रेघ होती. पांढरी. नुसती पांढरी नव्हे, डोळ्यांत भरावी अशी पांढरीफेक. वर कोट पिवळा, खाली कोट पिवळा, मधे ही रेघ. मनगटावरचं घड्याळ काढल्यावर खालची कातडी दिसते ना, तशी.

त्याने कप्तानाची टोपी नखाने उचकटली. टोपीखालचं कपाळ गोरं, टोपीबाहेरचे गाल मातकट. त्याने खिडकीकडे बघितलं. रोज दुपारी ऊन यायचं ते थेट त्या फळीवर. इतकी वर्षं ऊन नमुन्याला भाजत होतं, हळूहळू, रोज थोडं थोडं, आणि नमुना पिवळा होईल तसा डब्यातला रंगही पिवळा होत होता, कारण डबा कालवणारा नमुन्याशीच जुळवायचा. सगळं बरोबर चाललं होतं. सगळं जुळत होतं. चुकीची तेवढी एकटी धाकटी होती.

त्याने नमुना हळूच उन्हातून बाजूला घेतला. पण खरं सांगायचं तर मागोमाग त्याला बरंही वाटलं. आता हे दाखवायचं, आपली चूक कबूल करायची, चार शिव्या खायच्या आणि धाकटीला परत आणायची. बायकोला काय सांगायचं याची वाक्यंही जिना चढता चढता जुळवून झाली.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, रेघ बघितली, टोपी काढून कपाळ बघितलं.

“पेटीत ठेवायचा सांगितलं होतं ना?”

“सांगितलं होतं.”

“हं.” साहेबाने कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. “हे बघा.”

पडद्यावर काचेची कपाटं. कुणाकुणाच्या घरातली, कुठल्या कुठल्या गावांतली. प्रत्येकात कप्तान, कुठे एक, कुठे रांगच. सगळ्यांचे कोट सायीच्या रंगाचे, अगदी जुने होते तेही पिवळटलेले.

“आणि हा.” साहेबाने दुसरा फोटो काढला. एकच कप्तान, पांढराशुभ्र. “तुमच्या मेहुणीच्या हातचा. ट्रेमधून एक तुमच्या नजरेतून निसटला आणि दुकानात गेला. घेणाऱ्याने चार दिवसांत परत पाठवला. म्हणे नकली आहे.”

“नकली?”

“खाली लोकांनी काय लिहिलंय बघा. ‘कोट बघून लांबूनच कळतं.’ ‘खऱ्या कप्तानाच्या कोटाला जुनेपणाची झाक असते.’ हा एक तर स्वतःला जाणकार म्हणवतो, याने पानभर लिहिलंय.”

“पण साहेब, मालिकेत कोट पांढरा होता. हा नमुना तुमच्यासमोर आहे.”

“होता हो. मालिका आता कोण बघतंय? लोक कपाटं बघतात. उद्या मी पांढरे काढले तर सगळे परत येतील. आणि ज्यांनी आजवर पिवळे घेतले ते विचारतील, मग आमचे काय? त्यांना काय सांगू, कप्तानाला ऊन लागलं?”

नापासकाकाने तुटका पट्टा पुन्हा नमुन्याच्या कमरेवर धरला.

“नवा नमुना करून घेतो,” साहेब म्हणाला. “याच रंगाचा. मालिकावाले सही देतील, त्यांनाही धंदा पाहिजेच. तो मात्र पेटीत ठेवा.”

“आणि धाकटी?”

“बोलवा की. हात चांगला आहे तिचा, मला माहितीय. फक्त डब्यातला रंग लावायचा, हे कबूल करून घ्या.”

लॉन्ड्रीच्या मागच्या दारात वाफ कोंडलेली होती. धाकटीच्या मनगटावर भाजल्याचे डाग दिसत होते. तो बोलत असताना ती चादरीची घडी घालत होती. त्याने पट्टा सांगितला, रेघ सांगितली, ऊन सांगितलं. रेघ म्हटल्यावर तिचे हात थांबले.

“म्हणजे पांढराच होता.”

“पांढराच होता. तू म्हणत होतीस तसाच.”

ती किंचित हसली. तिला असं हसताना त्याने बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं आणि पुढचं सांगायला त्याची जीभ उचलेना. पण सांगितलं. कपाटं सांगितली, परत आलेला कप्तान सांगितला, नवा नमुना सांगितला.

धाकटीने घडी पुरी केली. मग ती ढिगावर ठेवून वरून हात फिरवला.

“चूक माझी होती हे तरी सांगणार का तिथे कुणाला?” त्याने काही विचारायच्या आत ती म्हणाली. “म्हणजे, नव्हती, हे.”

“सांगून काय... साहेब म्हणतात बाहेर बोलायचं नाही.”

“बरं.”

“येशील ना?”

“आईची औषधं आहेत. न येऊन काय करू?”

सोमवारी ती येऊन आपल्या जुन्या जागेवर बसली. बाया बाजूला सरकल्या. एकजण म्हणाली, “शिकलीस वाटतं आता रंग बघायला,” आणि धाकटी म्हणाली, “हो, शिकले.” घरी बायकोने नापासकाकाला ताटावर विचारलं, भाजी आणखी वाढू का. त्याने नको म्हटलं.

दुपारी धाकटीचा पहिला ट्रे टेबलावर आला. त्याने एक कप्तान उचलला, गुडघा वाकवला, डोळे बघितले, पेटी उघडून नवा नमुना काढला आणि शेजारी धरला. कोटात तसूभर फरक नव्हता. दुसरा उचलला, तिसरा उचलला. एखाद्याचा कोट पांढरा निघेल म्हणून तो ट्रेच्या तळापर्यंत शोधत गेला. सगळे एकसारखे पिवळे होते. त्याने सगळे पास केले.