दोन तळी आणि डावा गमबूट

९ नोव्हेंबर. आकाश निरभ्र, सकाळी बोचरी थंडी, वारा अजिबात नाही.

मी डाव्या पायाचा गमबूट बोलतोय. तारीख आणि हवा आधी सांगितली, कारण मला पायात घालणाऱ्या बाईंच्या वहीतली प्रत्येक नोंद अशीच सुरू होते आणि लिहिताना त्या पुटपुटतात. दहा वर्षं ऐकून मलाही ती सवय लागली. वरची तारीख मात्र, ज्या दिवशी मला तोंड लपवायला जागा सापडेना, त्या दिवसाची आहे.

माझा जन्म साच्यात झाला. तापलेल्या रबराचा वास, मग खोका, मग दुकानातली फळी. बाईंनी मला उलटा करून तळाच्या खोल खाचांवरून अंगठा फिरवला आणि दुकानदाराला म्हणाल्या, घसरणार नाही, एवढं पुरे. तेव्हापासून त्या खाचांचा मला फार अभिमान. उजवा माझा जुळा भाऊ, पण स्वभावानं मुका. सगळं बोलणं माझ्यावर पडतं.

बाई पाण्यातल्या जीवांच्या संशोधक, त्यांचं काम दोन तळ्यांवर चाले. पहिल्या तळ्यात दूरदेशाहून आलेली एक गोगलगाय माजली होती. तांदळाच्या दाण्याएवढी. तिला नर लागत नाही. एकटी मादी पिल्लं घालते आणि सगळी हुबेहूब आईसारखी. दगडांवरचं शेवाळ ती फस्त करी, मग पाणकिड्यांची उपासमार, मग माशांची. दुसरं तळं तिथून चौदा किलोमीटरवर, पिण्याच्या पाण्याचं, स्वच्छ. पहिल्यात काय काय बिघडलं, हे दुसऱ्याशी ताडून पाहायचं, असा सगळा हिशेब.

दुसऱ्या तळ्याचा राखणदार म्हणजे तिथला पंपवाला. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. तळ्याला तो ‘माझं तळं’ म्हणायचा आणि उपसा संपल्यावर, दुपारी बारानंतरच फाटक उघडायचा. त्याआधी मंत्री आला तरी बाहेर उभा राहील, असं तो हसत सांगे.

सुरुवातीची सात वर्षं आमची रीत ठरलेली होती. बुधवारी पहिलं तळं, शनिवारी दुसरं. मधले दोन दिवस आम्ही दोघे भाऊ गच्चीवर खुंट्यांना उलटे. उन्हात कोरडी पडली की ती गोगलगाय मरते.

मग बाईंचा एक लेख परत आला. तपासणाऱ्यानं लिहिलं होतं, दोन तळी दोन वेगळ्या दिवशी पाहिलीत, त्या दिवसांची हवा वेगळी, मग तुलना लंगडी नाही का? बाईंच्या ते जिव्हारी लागलं. काटेकोरपणावर बोट ठेवलेलं त्यांना सहन होत नाही. त्यांनी दोन्ही तळी एकाच दिवशी करायचं ठरवलं. दुसऱ्याचं फाटक दुपारी उघडे, म्हणून सकाळी पहिलं. मधे नळाखाली ब्रशनं आम्हाला घासत. मन लावून घासत.

पण माझ्या टाचेला एकदा भोक पडलं होतं आणि तिथे ठिगळ होतं. ठिगळाखाली एक खाच अर्धी झाकलेली. ब्रश तिथवर पोचत नसे. तिथे मला काहीतरी खुपायचं. मला वाटलं, खडा असेल. दुपारी पाण्यात उतरलं की खुपायचं थांबे आणि मला बरं वाटे.

तीन वर्षांनी दुसऱ्या तळ्यात गोगलगायी सापडल्या. पाणीपुरवठा कचेरीनं परस्पर ठरवलं की कुणीतरी घरची माशांची टाकी तिथे ओतली आणि पंपवाल्यानं फाटक उघडं टाकलं होतं. त्याला नोटीस आली: आठ दिवसांत खुलासा द्या, नाहीतर कामावरून कमी करू. तो टोपी हातात घेऊन प्रयोगशाळेत आला आणि बाईंना म्हणाला, चार ओळी लिहून द्या. बाई म्हणाल्या, आधी तपासते.

तपासलं ते बाईंच्या सहकाऱ्यानं. सगळे त्याला वंशावळ म्हणत. माणूस असो की गोगलगाय, मूळ कुठलं हे विचारल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. लग्न जुळवायच्या धंद्यात नाव काढलं असतं, असं बाई म्हणायच्या. बाई मोजायच्या किती आहेत, तो बघायचा कोण आहेत. बाईंनी दहा वर्षं गोठवून ठेवलेले नमुने त्यानं काढले. पहिल्या तळ्यात सुरुवातीला चार वंश होते. त्या उथळ, तापणाऱ्या पाण्यात लवकर वयात येणारा एकच तगला, बाकीचे संपले.

“मॅडम, दुसऱ्या तळ्यात तोच आहे,” तो म्हणाला. “घरच्या टाक्यांत पाळतात त्या गोगलगायींचा वंश वेगळा. दोन तळ्यांच्या मधली तीन डबकीही पाहिली, ती स्वच्छ आहेत. म्हणजे पक्ष्यांवरही ढकलता येत नाही.”

“मग या तळ्यातून त्या तळ्यात जातं कोण?”

त्यानं दाराकडे पाहिलं. दाराशी आम्ही दोघे भाऊ ओळीनं उभे होतो.

बाईंनी मला टेबलावर उलटा घेतला आणि चिमट्यानं ठिगळ उचकटलं. आत तीन शंख होते. एक अजून जिवंत होता.

९ नोव्हेंबरला बाई फाटकापाशी गेल्या. पायात साध्या चपला, मी पिशवीत. पंपवाल्याला त्यांनी सरळ सांगितलं, “दादा, हे तुमच्यामुळे झालेलं नाही. मी आणलंय, या बुटातून. कचेरीला तसं लिहून दिलंय.”

त्यानं वाकून पिशवीत पाहिलं.

“ताई, येणाऱ्या प्रत्येकाला मी इथे कोरड्या चपला घालायला लावतो. ओले पाय आत नाही. तुम्हाला कधी टोकलं नाही. म्हटलं, ह्यांना आपण काय शिकवायचं.”

मला तर त्या पिशवीत आणखी खोल जावंसं वाटलं. ज्या खाचांचा तोरा मिरवला, त्यांनीच घात केला, आणि मी मात्र खडा समजून गप्प राहिलो. पाण्यात उतरणाऱ्या सगळ्यांना एवढीच विनवणी: घासलेल्या बुटावर विश्वास ठेवू नका, तो वाळू द्या.

१७ नोव्हेंबरला पंपवाल्याची नोटीस रद्द झाली. बाईंना दुसऱ्या तळ्यावर प्रवेशबंदी झाली आणि दोन तळ्यांची तुलना दहाव्या वर्षी बंद झाली. ४ डिसेंबरला कचेरीनं केलेल्या मोजणीत दुसऱ्या तळ्यात एका चौरस मीटरमागे चारशे बारा गोगलगायी भरल्या.