मामांची मुकी लाइन

मामांची बोटं कीबोर्डवर नाचत होती, सभागृह टाळ्यांनी दणाणत होतं, पण आज पहिल्यांदाच साउंडला बसलेल्या भाच्याच्या मिक्सरवर मामांची लाइन ठार मुकी होती.

"डब्याने ऐन वेळी मान टाकली!" करवादत त्याने मध्यंतरात कीबोर्डची वायर ज्यात जाते तो डीआय बॉक्स बदलला आणि एक पट्टी दाबून पाहिली. चकार आवाज नाही! मग त्याला दिसलं, कीबोर्डचं आवाजाचं बटण शून्यावर होतं. मग तासभर वाजवलं कोणी?

मामा बाहेर सह्या देत होते. त्याने बटणाला हात लावताच मागच्या कीबोर्डवर साथीला बसणाऱ्या मामीने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे रे. अठरा वर्षं शून्यावरच आहे."