गोगलगायीचं थांबणं

माझा धाकटा भाऊ टीव्हीवरच्या लहान मुलांच्या कार्टूनचा संपादक. चित्रं काढणारे वेगळे, आवाज देणारे वेगळे. हा सगळं जोडतो आणि नको ते कापतो. मी शिवणकाम करते, म्हणून त्याला म्हणते, आपलं घराणंच कात्रीवालं. त्याला हा विनोद आवडत नाही. नाही तर नाही.

त्याच्या कार्टूनमधली गोगलगाय रोज काहीतरी हरवते. मग बघणाऱ्या मुलालाच विचारते, "माझी टोपी कुठंय?" आणि गप्प बसते, नुसती डोळे मिचकावत. मोठ्या माणसाचा जीव जाईल इतकी थांबते. मुलानं घरी बसून उत्तर द्यावं म्हणून ही जागा मुद्दाम सोडलेली असते. मग ती "शाब्बास" म्हणते आणि टोपी घालून पुढे सरकते.

भावाची मुलगी, आमची ठमी, तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. कान ठीक, बाकी सगळं ठीक; डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. वेळ कोण देतं? भावजय "पाणी हवं का?" विचारते आणि उत्तराआधीच पेला पुढे करते. मीही त्यातलीच, माझ्या तोंडाला कुठे दम आहे. ठमी दिवसभर माझ्याकडे असते. एके दुपारी गोगलगाय थांबली, थांबूनच राहिली, आणि ठमी म्हणाली, "तितं." मी मशीन सोडून भावाला फोन लावला. तो फोनवरच रडला. मग रोज एखादा शब्द यायला लागला. फक्त गोगलगायीसाठी, पण यायला लागला.

पुढे भावाच्या साहेबांनी कुरकुर सुरू केली: कार्टून फार संथ आहे, मुलं कंटाळून दुसरं लावतात. भाऊ एका बालवाडीत जाऊन तिथल्या मुलांना एक भाग दाखवून आला. ती कार्टी कसली, प्रश्न संपायच्या आत उत्तर ओरडत होती. घरी आला तो खुशीतच.

"ताई, इतकं थांबायची गरजच नाही गं."

त्या मुलांच्या मापानं त्यानं सगळ्या जागा आवळल्या, जुन्या भागांतल्यासुद्धा.

"ठमीला दाखवलंस का आधी?" मी विचारलं.

"ती घरचीच आहे. ती कुठे जातेय?"

मलाही ते पटलं, म्हणजे बघा.

कापलेला भाग लागला. गोगलगायीनं विचारलं. ठमीनं श्वास घेतला, ओठ जुळवले, तोवर ती बया "शाब्बास" म्हणून चालूही पडली. ठमीनं माझ्याकडे बघितलं. पुढच्या प्रश्नालाही तेच. डोंबलाची शाब्बासकी. काही दिवसांत पोरगी ओठसुद्धा हलवेना. तो टीव्ही उचलून खिडकीबाहेर भिरकावावा असं वाटलं मला. त्याऐवजी मी भावाला फैलावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसातून जुना, न कापलेला भाग घेऊन आला आणि ठमीला मांडीवर घेऊन बसला. भावजय दारातच उभी राहिली.

"माझी टोपी कुठंय?" गोगलगायीनं विचारलं आणि ती थांबली.

आम्ही तिघंही गप्प. भावाचेच ओठ हलायला लागले, इतका त्याचा जीव तुटत होता. मला त्याच्याकडे बघवेना. ठमी मात्र स्वस्थ बसली होती, मजेत, शाब्बासकीची वाट बघत.

"शाब्बास," गोगलगाय म्हणाली.

ठमीनं टाळ्या वाजवल्या आणि बापाकडे वळली.

"अगं, तू काही बोललीच नाहीस," तो म्हणाला.

तिनं आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. हसत हसत त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी त्याला शाब्बास म्हणावंच लागलं.